तिकीटखिडकी : सॅन हुआन दूर नाही, तिकीट नीट तोडा

या महिन्याच्या टपालात पाचपैकी चार पत्रं एकाच दिशेची निघाली, कॅरेबियनची. नागपूरकरांना अचानक तिकडचं वारं का लागलं कोण जाणे. क्रिकेटमुळे म्हणावं, तर एकानेही मॅचचा 'म' काढलेला नाही. सगळ्यांना जुनं शहर बघायचंय, आणि सगळ्यांना ते स्वस्तात बघायचंय. मी सीताबर्डीवर एका जिन्याखालच्या गाळ्यात तीस वर्षं विमानाची तिकिटं काढली, त्यामुळे 'स्वस्तात' हा शब्द मला नवा नाही. पहिलं पत्र मोठं आहे, त्याचं उत्तरही लांबलंय. बाकीची थोडक्यात.

प्रश्न : ताई, आमची मुलगी न्यू जर्सीत असते. आम्ही दोघं (मी ६३, हे ६८) नोव्हेंबरच्या शेवटी तिच्याकडे जाऊन मार्चअखेर परतणार. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. ह्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पोर्तो रिकोतल्या सॅन हुआनचे किल्ले बघायचे हे त्यांनी मनावर घेतलंय. इथल्या एका एजंटाने नागपूर ते सॅन हुआन असं सलग तिकीट सांगितलं. आकडा ऐकून हे म्हणाले, "राहू दे." जावई म्हणतो, "वेगवेगळी तिकिटं काढा, सगळं स्वस्त पडतं." खरं काय? ह्यांचे गुडघे दुखतात आणि आम्ही शाकाहारी आहोत, तेही सांगून ठेवते. — एक वाचक, महाल

उत्तर : ताई, तुमचे जावई बरोबर आहेत, पण अर्धेच.

आमच्या धंद्यात 'तिकीट तोडणं' म्हणतात. लांबचा प्रवास एका तिकिटावर करायचा की मध्ये तोडून दोन तिकिटं करायची, सगळा खेळ एवढाच आहे. योग्य जागी तोडलं तर पैसे वाचतात. चुकीच्या जागी तोडलं तर वाचलेल्या पैशांच्या दुप्पट जातात, आणि वर मुंबईच्या विमानतळावर बाकड्यावर रात्र. तुमच्या प्रवासात तोडायची जागा एकच आहे, मुलीचं घर. नागपूर ते न्यूयॉर्क किंवा न्यूअर्क आणि परत, हे सगळं एका पीएनआरवर. सॅन हुआनचं जाणं-येणं वेगळं, तिथून, आणि पोचल्यावर निदान आठवडाभराने. तुमच्या एजंटाने सांगितलेलं सलग तिकीट महाग का, तर त्यात सॅन हुआनचा तुकडा आंतरराष्ट्रीय भाड्याच्या हिशेबात येतो. अमेरिकेत बसून काढला तर तोच तुकडा तिथल्या देशांतर्गत भावात मिळतो.

देशांतर्गत म्हटलं ते उगाच नाही. पोर्तो रिको १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेकडे आलं आणि आजही अमेरिकेच्याच ताब्यातला प्रदेश आहे. न्यू जर्सीहून तिथे जाणं म्हणजे आपण नागपूरहून अंदमानला जावं तसं. वेगळा व्हिसा नाही, इमिग्रेशनची रांग नाही, चलन डॉलरच. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट मात्र सोबत हवाच. एक लक्षात ठेवा. सॅन हुआनला गेलात म्हणून तुम्ही 'अमेरिकेबाहेर जाऊन आलात' असं होत नाही. विमानतळावर मुक्कामाची जी मुदत दिली असेल तिच्यातच हे दिवस मोजले जातात.

आता जावई कुठे चुकले ते सांगते. 'सगळं वेगळं' म्हणजे नागपूर-मुंबईसुद्धा वेगळं. इथेच लोक फसतात. इकडचं तासा-दीड तासाचं विमान सेलमध्ये स्वस्त दिसतं आणि हात शिवशिवतो. माझ्याच हातून हे झालंय. बरीच वर्षं झाली. जानेवारी होता, रामदासपेठेतलं एक जोडपं, मुलीच्या बाळंतपणाला निघालेलं. मीच सुचवलं, मुंबईपर्यंतचं वेगळं काढू, चार हजार वाचतील. नागपूरचं विमान साडेचार तास उशिरा सुटलं. मुंबईला पोचेपर्यंत मोठं विमान गेलेलं. दोन तिकिटं, दोन पीएनआर, त्यामुळे पहिल्या कंपनीचा दुसरीशी संबंध नाही. दुसरीच्या लेखी हे प्रवासी 'आलेच नाहीत', म्हणजे परतीचं तिकीटही रद्द. काकूंनी एसटीडी बूथवरून फोन केला तेव्हा रडत नव्हत्या. नुसतं म्हणाल्या, "आता काय करायचं ते तुम्ही सांगा." नव्या तिकिटाचा अर्धा भार मी उचलला. त्या दिवसापासून घरातून निघताना मी कोणाचंच तिकीट तोडलेलं नाही. एकाच पीएनआरवर असतं, तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी होती. तुमच्या बॅगाही नागपूरहून टॅग होऊन थेट अमेरिकेला जातात. तिथे पहिल्या विमानतळावर त्या स्वतः उचलून कस्टममधून न्याव्या लागतात, तेवढंच.

मुंबईपर्यंत पैसे वाचवायचेच असतील तर दुरांतो आहे, विदर्भ एक्सप्रेस आहे, आणि आता समृद्धी महामार्गही पूर्ण झालाय. ७०१ किलोमीटर, सरळ रस्ता. पण मग एक पूर्ण दिवस आधी मुंबई गाठा. सकाळी गाडी, रात्री विमान, असलं धाडस करू नका. आणि जाणं नोव्हेंबरअखेरचं, म्हणून दिल्लीमार्गे एखादं तिकीट हजार-दोन हजाराने कमी दिसलं तरी मी मुंबईच घेईन. दिल्लीचं धुकं मुख्यतः डिसेंबर-जानेवारीचं, पण ते कॅलेंडर बघून येत नाही. नागपूरहून आखाताकडे जाणारं विमान सोयीचं पडत असेल तर तेही पाहा. त्यात मुंबई-दिल्लीची टर्मिनल बदलायची दगदग वाचते. व्हीलचेअरवर बसून टर्मिनल बदलणारे कितीतरी काका मी पाहिलेत, म्हणून सांगते.

आता सॅन हुआनचा तुकडा. न्यूअर्क आणि न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून थेट विमानं आहेत, साधारण चार तासांची. न्यूयॉर्क परिसरात पोर्तो रिकोची मंडळी मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे या मार्गावर वर्षभर वर्दळ असते. जिथे वर्दळ तिथे स्पर्धा, आणि स्पर्धा तिथे भाव. पण ही मंडळी सणाला गावी जातात, आपण दिवाळीला जातो तशीच. तेव्हा भाव आकाशात. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, तो आठवडा सोडा. २० डिसेंबर ते ६ जानेवारी सोडा, कारण तिकडे नाताळ तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत चालतो. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जुन्या शहरात सॅन सेबास्तियनची जत्रा भरते. गर्दी आवडत असेल तर जा, पण खोली मिळणार नाही आणि मिळाली तर परवडणार नाही. मार्चमध्ये कॉलेजच्या पोरांच्या सुट्ट्या. मग उरलं काय? डिसेंबरचे पहिले दोन आठवडे. तुम्ही नोव्हेंबरच्या शेवटी पोचता, झोपेची घडी बसते, ५-६ डिसेंबरनंतरचा मंगळवार किंवा बुधवार पकडा. वादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपलेला असतो आणि हिवाळी गर्दी अजून उतरलेली नसते. ही पंधरवड्याची फट आहे, माझ्या मते वर्षातली सगळ्यात चांगली.

मी स्वतः २०१९ मध्ये गेले होते, धाकट्या बहिणीसोबत. ती न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. जाण्यायेण्याचं मिळून १५० डॉलरच्या आत तिकीट सापडलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. नंतर कळलं काय घेतलं ते. विमान मध्यरात्री सुटून पहाटे चारला उतरवणारं. हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार. अकरा तास दोन बायका पाठीला पिशव्या लावून फिरणार कुठे? शेवटी आदल्या रात्रीचं भाडं भरून खोली घेतली. वर बहिणीने मोठी बॅग आणलेली. त्या तिकिटात सीटखाली मावणारी पिशवीच फुकट होती, बाकी सगळ्याचे वेगळे पैसे, जाताना आणि येताना. हिशेब केला तर दिवसाच्या विमानाचं, केबिन बॅगेसकटचं तिकीट त्याहून स्वस्त पडलं असतं. तीस वर्षं दुसऱ्यांना शहाणपण विकलं, आपल्या वेळी आकडाच बघितला. तुमच्यासाठी सकाळी सुटणारं विमान, दोघांत मिळून एकच केबिन बॅग. नागपूरहून नेलेली २३ किलोची बॅग मुलीच्या घरीच राहू द्या. तिथे स्वेटर लागत नाही.

तिकीट मुलीच्या कार्डावरून, विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढायला सांगा. इथल्या कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरले की बँक वर आपला वाटा लावते. शिवाय अमेरिकेतल्या नियमाने, प्रवासाला सात दिवस किंवा जास्त बाकी असताना कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट २४ तासांच्या आत फुकट रद्द करता येतं (किंवा कंपनी तोच भाव २४ तास राखून ठेवते). म्हणून चांगला भाव दिसला की आधी पकडायचा, मग घरात चर्चा करायची. आपण उलटं करतो. नाव पासपोर्टवर आहे तस्संच घाला. आपल्याकडे पासपोर्टात पहिल्या नावाला चिकटून नवऱ्याचं नाव असतं, आणि मुली तिकडे आईचं नुसतं पहिलं नाव टाकतात. दोन्ही नावं, त्याच क्रमाने. त्याच वेळी तुमच्या 'ह्यां'साठी व्हीलचेअर मागून ठेवा. ती फुकट असते. लाज बाळगू नका, ह्यांना लाज वाटत असेल तर तुम्ही मागा.

तिथे उतरल्यावर जुनं शहर दहा-बारा किलोमीटरवर. विमानतळावरच्या टॅक्सीचे पर्यटन भागांसाठीचे दर ठरलेले आहेत. आधी तक्त्यावर बघून घ्या, घासाघीस नाही.

आता किल्ले. इतिहासाच्या सरांना सांगायला मला भीती वाटते, पण माझं घोडं दामटतेच. जुनं सॅन हुआन एका छोट्या बेटावर आहे, खाडीच्या तोंडाशी. स्पॅनिश लोकांनी १५३९ मध्ये समुद्राकडच्या टोकावर एल मोरो बांधायला घेतला, कारण जहाजं तिथूनच आत शिरणार. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक आला. तोफांनी त्याला समुद्रातूनच परत पाठवलं. तीनच वर्षांनी दुसरा इंग्रज, कंबरलंडचा सरदार, शहाणा निघाला. तो जमिनीच्या बाजूने आला आणि किल्ला घेतला. (पुढे हगवणीने त्याचे सैनिक पटापट आजारी पडले आणि त्याला सोडून जावं लागलं.) १६२५ मध्ये डचांनी शहर जाळलं. मग स्पॅनिशांच्या डोक्यात प्रकाश पडला, की एल मोरो समुद्राकडे तोंड करून बसलाय आणि पाठ उघडी आहे. म्हणून शहराभोवती तट आला आणि जमिनीकडून येणाऱ्याला अडवायला दुसरा किल्ला, सॅन क्रिस्तोबाल. तो पूर्ण व्हायला १७८३ उजाडलं. स्पॅनिशांनी अमेरिका खंडात बांधलेल्या किल्ल्यांतला हा सगळ्यात मोठा. १७९७ मध्ये इंग्रज पुन्हा आले, पुन्हा जमिनीकडून, आणि दोनएक आठवडे डोकं आपटून परत गेले. तिथले लोक सांगतात की बायका हातात मशाली घेऊन प्रार्थना म्हणत रात्री मिरवणुकीने निघाल्या, आणि त्या उजेडाला इंग्रज कुमक समजले. खरं-खोटं देवाला ठाऊक. त्या बायकांचा पुतळा मात्र तटाजवळच्या छोट्या चौकात आहे.

मी तिथे उभी होते आणि डोक्यात होती आपली सीताबर्डी. २० वर्षांनी, २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला, त्याच इंग्रजांनी आपल्या दोन टेकड्यांवरून अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेला हरवलं. माझ्या गाळ्यातून तो किल्ला दिसायचा आणि आत जायला मिळायचं २६ जानेवारी, १५ ऑगस्टसारख्या दिवशी, रांग लावून. तिकडे १० डॉलरच्या एका तिकिटात दोन्ही किल्ले, आत काय वाटेल तिथे हिंडा. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

गुडघ्यांचं सांगते. एल मोरोला सहा मजले आहेत. रस्त्यापासून किल्ल्याच्या दारापर्यंत मोठं उघडं मैदान चालावं लागतं, सावलीचं नाव नाही. पूल ओलांडून मुख्य चौकात आलात की निम्मा किल्ला बघून झाला. खाली समुद्राकडच्या तोफांपर्यंत उतरायला कडक उतार आणि पायऱ्या आहेत. तिथे सरांनी वरूनच बघावं आणि तुम्ही उतरून फोटो काढून आणावेत. दोन किल्ल्यांत मैलभर अंतर आहे, एका दिवशी एकच करा. रस्त्यावरच्या निळसर विटा बघून घ्या. लोखंडाच्या भट्टीत जी मळी निघते तिच्यापासून त्या ओतलेल्या आहेत. पाऊस पडला की घसरतात, म्हणून रबरी तळाचे बूट घाला. चपला नकोत. आणि ते मैदान म्हटलं ना, तिथे लोक पतंग उडवतात. समुद्रावरून असा वारा येतो की पतंगाला ढील द्यायचीसुद्धा गरज नाही. मांजा वगैरे भानगड नाही, काटाकाटी नाही. आपल्या संक्रांतीची सर नाही, पण सरांना तिथे बाकावर बसवून एक पतंग हातात द्या, गुडघे विसरतील.

जेवणाचं : कच्च्या केळ्याला तिकडे आपल्या बटाट्याइतका मान. तोस्तोनेस म्हणजे कच्च्या केळ्याचे चपटे करून दोनदा तळलेले काप, ते बिनधास्त खा. मोफोंगो म्हणजे तळलेलं केळं लसणाबरोबर खलबत्त्यात कुटून केलेला गोळा. दिसायला आपल्या वड्याचा भाऊ, पण त्यात बहुतेक वेळा डुकराची तळलेली कातडी कुटलेली असते. 'सिन चिचारोन' म्हणायचं, म्हणजे ती नको. राजम्यासारख्या उसळीत हॅम असतं, म्हणून 'सिन हामोन'. हे दोन शब्द कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. पिरागुआ नावाचा बर्फगोळा हातगाडीवर मिळतो, टोकदार, त्यावर चिंचेचं सरबतही घालतात. मी तीन खाल्ले. बहिणीने दोनच मोजलेत.

परत येताना विमानतळावर बॅगा आधी शेतकी खात्याच्या तपासणीतून जातात. काही फळं आणि रोपं मुख्य भूमीवर नेऊ देत नाहीत. कॉफी घ्या, फळं तिथेच खाऊन संपवा. आणि नागपूरहून निघताना संत्री पिशवीत टाकायचा मोह आवरा. अमेरिकेच्या कस्टमवाल्याला नागपुरी संत्र्याचं काही कौतुक नसतं.

प्रश्न : मी मिहानमधल्या कंपनीत आहे. कामासाठी तीन महिने अटलांटाला पाठवून राहिलेत, ऑगस्ट ते ऑक्टोबर. सप्टेंबरमध्ये सॅन हुआनची तिकिटं आणि हॉटेलं एकदम पडलेली दिसतात. चार दिवसांची सुट्टी टाकून जाऊ का? — एक वाचक, मनीषनगर

उत्तर : दादा, भाव का पडलेत ते बघ. अटलांटिकचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ पोर्तो रिकोवर आदळलं, तेव्हा सगळं बेट अंधारात गेलं आणि काही भागात वीज यायला महिने लागले. दर वर्षी असं होत नाही, बहुतेक सप्टेंबर ऊन-पावसात निघून जातात. तू तरुण आहेस, एकटा आहेस. तुझ्या आईने विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. तुला हो म्हणते, पण अटींवर. हॉटेल शेवटच्या दिवशीही रद्द करता येईल असंच घे. तिकीट सगळ्यात तळाच्या दराचं घेऊ नकोस, कारण त्यावर बदल करता येत नाही. वादळाचं नाव जाहीर झालं की विमा काढून उपयोग नसतो, तो तिकिटासोबतच काढ. आणि परतीनंतर दोन दिवस मीटिंग ठेवू नकोस. विमानं रद्द झाली की सगळं बेट एकदम काउंटरवर येतं. ऑक्टोबर संपता संपता जाता आलं तर अजून बरं.

प्रश्न : आमचा मुलगा माद्रिदला शिकतो. मे महिन्यात जाऊ, शेंगेन व्हिसा मिळालाय. तिथून कॅरेबियनमधलं एखादं जुनं शहर करता येईल का? अमेरिकेचा व्हिसा नाही. — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : येईल, आणि चांगलं येईल. सांतो दोमिंगो. डॉमिनिकन रिपब्लिकची राजधानी. कोलंबसाच्या भावाने वसवलेली, आणि १५०२ मध्ये ओझामा नदीच्या आजच्या काठावर आणलेली. युरोपीय लोकांनी अमेरिका खंडात वसवलेल्या आणि आजही नांदत्या शहरांतलं हे सगळ्यात जुनं. तिथलं कॅथेड्रल, ओझामाचा किल्ला, कोलंबसाच्या मुलाचा वाडा, सगळं चालत बघण्याच्या अंतरात. माद्रिदहून थेट विमान आहे, साधारण नऊ तासांचं, आणि दोन-तीन कंपन्या उडतात म्हणून भाव बरा असतो. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयाला डॉमिनिकन व्हिसा वेगळा लागत नाही.

पण पासपोर्ट उघडा आणि शेंगेनच्या स्टिकरवर 'किती प्रवेश' हे बघा. तिथे एक लिहिलं असेल तर सांतो दोमिंगोला जाल, माद्रिदला परत येऊ शकणार नाही, आणि तुमचं मुंबईचं विमान माद्रिदहूनच आहे. 'मल्टी' किंवा निदान दोन हवं. एक असेल तर हा बेत पुढच्या खेपेला. मेमध्ये माद्रिदच्या आसपास तोलेदो, सेगोविया आहेत, तीही कमी जुनी नाहीत. जाणार असाल तर देशात शिरताना आणि निघताना ई-तिकीट नावाचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. तो फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर ते सरकारचं नाही, बंद करा.

प्रश्न : बार्बाडोसला भारतीयांना व्हिसा लागत नाही असं वाचलं. मग ब्रिजटाउनला सरळ जाता येईल ना? — एक वाचक, वर्धा

उत्तर : बार्बाडोसला लागत नाही, बरोबर. पण सरळ विमान कुठाय? वाटेत बहुधा लंडन, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरोंटो येणार, आणि तिथे तुमचा पासपोर्ट विचारला जाणार. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा हवा. लंडनमध्ये विमानतळाबाहेर न पडताही भारतीयांना सहसा ट्रान्झिट व्हिसा लागतो, काही सवलती सोडून. त्या सवलती ज्यांच्याकडे आधीच अमेरिका-कॅनडाचा व्हिसा आहे अशांना. म्हणजे व्हिसा नसलेल्यासाठी व्हिसा नसलेला देश गाठायलाही व्हिसा! तो खर्च तिकिटात धरून मग ठरवा. शहर मात्र पाहण्यासारखं आहे. जुनं ब्रिजटाउन आणि तिथली इंग्रज छावणी २०११ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मुक्काम महाग. माझ्या मते एवढ्या खटाटोपाला दहा दिवस तरी काढा, चार दिवसांसाठी नको.

प्रश्न : खाजगी विंडोमध्ये शोधलं तर तिकीट स्वस्त दिसतं म्हणतात. खरं का? — एक वाचक, सदर

उत्तर : मी कधी दिसलेलं पाहिलं नाही. बुधवारी निघून बघा, शनिवारी निघून बघा, न्यूअर्कऐवजी केनेडी घालून बघा. फरक तिथे दिसेल. आणि शेवटचा आकडा बघताना बॅगेचे पैसे त्यात घालून बघा, नाहीतर माझ्यासारखं पहाटे चारला एका अनोळखी शहरात पाठीला पिशवी लावून उभं राहावं लागेल.